थार सीआरडीई परत कंपनी फिटिंगवर आणायचीय, कुणी केलंय का? (मुंबई)

मुलुंडकर_४बाय४

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी होणारे, आधीच सांगतो.

गाडी २०११ची महिंद्रा थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनवाली), जुनी, कापडी छताची, म्हणजे सॉफ्टटॉपवाली. पहिला मालक मीच. एवढ्या वर्षांत तिला काय काय लावलं ते लिहिलं तर घरचे परत भांडतील, पण लिहावं लागणार. पुढून टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) ताणून गाडी उचललीये, मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसीला टांगणारा दुवा) आणि एक जादा पाटा, ३१ बाय १०.५ आर १५चे मड टेरेन टायर, पुढे जाड पत्र्याचा बंपर आणि त्यात विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र), फेंडरला भोक पाडून स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारा पाइप), वर फायबरचा (एफआरपी) हार्डटॉप, हार्डटॉपवर कॅरियर, कॅरियरवर लाइटबार, मागचे आडवे बाक काढून पुढे तोंड केलेली सीट, आणि सायलेन्सर असा की गाडी एलबीएस रोडवरून आत वळली की आई वर चहा टाकायची. मजा केली, भरपूर केली, तक्रार काही नाही.

पण आता आरसीची १५ वर्षं यंदा भरतायत, पासिंगला न्यायचीय. त्यात आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती, नव्या टॉवरमध्ये स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायचं) मिळालंय आणि पाटीवर उंची लिहिलीये २ मीटर. थार कंपनीतून १९३० मिलिमीटर उंच येते म्हणजे अंग चोरून बसेल, माझी लाइटबारसकट त्या पिंजऱ्यात शिरायचा प्रश्नच नाही. आणि खरं सांगायचं तर ऑफरोडिंग आता पावसाळ्यात कधीतरी, बाकी वेळ ही एवढी तयारीची गाडी ईस्टर्न एक्स्प्रेसवर ऐरोलीच्या सिग्नलला फर्स्ट-सेकंड करत उभी.

सॉफ्टटॉप, त्याचा पाइपांचा सांगाडा आणि ओरिजिनल बंपर चिपळूणला घराच्या माळ्यावर आहेत. रिम-टायर तेव्हाच विकले. आडवे बाक कुठे गेले देव जाणे. इथल्या एका गॅरेजवाल्याला विचारलं तर तो म्हणाला एका दिवसात सगळं खोलून देतो, बोलताना त्याने गाडीखाली वाकूनसुद्धा बघितलं नाही.

तर कुठून सुरुवात करू, काय ठेवलं तर चालेल, काय काढायलाच हवं?

खडखड्या

पहिला प्रतिसाद माझा! भाऊ, विकायचीय का, तशीच्या तशी?

मुलुंडकर_४बाय४

नाही हो, विकायची असती तर एवढं टाइप केलं असतं का

वडाळा_डेपो

मुलुंड म्हणजे तुम्ही एमएच ०३, वडाळ्याच्या आरटीओला जावं लागेल. फॉर्म २५ भरायचा, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो, त्याआधी घेत नाहीत. फी २०२२पासून ५००० झालीये (आधी ६०० होती, ते दिवस गेले), वर पर्यावरण कर वेगळा. पीयूसी आणि इन्शुरन्स चालू पाहिजे. तुमची गाडी एप्रिल २०१९च्या आधीची आहे म्हणजे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) लावून घ्या नसेल तर, आणि ती ओरिजिनल बंपर आल्यावर लावा, आत्ता विंचच्या खाली लटकवू नका.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीवर जे तपशील आहेत ते कंपनीने दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे पडतील असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही केरळच्या प्रकरणात हेच सांगितलं. सीएनजी किट वगैरेला परवानगी घेऊन वाट आहे, लिफ्टकिटला तशी वाट मला तरी दिसलेली नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ आलं, त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द परत वाचा आणि तुमची वरची यादी मोजा.

खडखड्या

यादी मोजली. गाडी विकून पण दंड भरून होणार नाही 😂

डोंगरउतार

हे जरा जास्त घाबरवणं चाललंय. माझ्या ओळखीत सगळे पासिंगपुरती गाडी स्टॉक (कंपनीतून आली तशी) करतात, टायर मित्राचे, बंपर दुसऱ्या मित्राचा, पासिंग झालं की रविवारी परत सगळं चढवायचं. एवढी मेहनत करून बनवलेली गाडी कायमची उतरवायची म्हणजे जीव तुटतो राव. विंच आणि हार्डटॉप काढ, बाकी कोण बघतंय.

पॉलिसीवाली_ताई

@डोंगरउतार, कोण बघतंय ते मी सांगते, विम्याचा सर्व्हेअर बघतो. मी मोटार क्लेमच्या कामात आहे. अपघात झाला की आरसी आणि गाडी शेजारी शेजारी ठेवून बघतात. पॉलिसीत न कळवलेला बदल सापडला की ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) क्लेमवर वाद सुरू, आणि लिफ्ट केलेली गाडी उलटली असेल तर तो वाद तुमच्या बाजूने संपायची शक्यता फार कमी. पासिंगच्या दिवशीचे फोटो आणि अपघाताच्या दिवशीचे फोटो वेगळे दिसले तर मग बोलायलाच नको.

धागाकर्ते, तुम्ही पॉलिसीत विंच, लाइटबार, म्युझिक सिस्टिम ॲक्सेसरीज म्हणून दाखवलं होतं का? दाखवलं असेल तर काढल्यावर कळवा, त्याचा प्रीमियम वेगळा लागलेला असतो, उगाच भरत राहाल. आणि काढायच्या आधी आणि नंतर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

मुलुंडकर_४बाय४

ताई, विंच दाखवली होती, बाकी काही नाही. फोटोंचं लक्षात ठेवतो.

@डोंगरउतार, जीव माझाही तुटतोच पण ते चढवा-उतरवा मला जमणार नाही, जागा कुठाय? स्टॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली झोपायचं का? एकदाच काय ते करायचं.

पाना_बारा_तेरा

उशिरा बघितला धागा. मी कुर्ल्याला सस्पेन्शनचंच काम करतो, वडिलांपासून. मोबाइलवर टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

तुमच्या गाडीत दोन प्रकारचं काम आहे ते आधी वेगळं करा. जे बोल्टवर लावलंय ते बोल्ट काढला की निघतं. जे कापून, भोक पाडून, वेल्ड करून लावलंय ते काढल्यावर खरं काम सुरू होतं. गॅरेजवाला एका दिवसात म्हणाला तो बोल्टवाल्याबद्दल बोलतोय. स्नॉर्केलचा फेंडर, हार्डटॉपसाठी टबच्या (गाडीच्या पत्र्याच्या बॉडीच्या) कडेला मारलेली भोकं, सीटसाठी फ्लोअरला मारलेली भोकं, बंपरसाठी चेसीच्या तोंडाशी काही कापलंय का, हे तो नंतर सांगणार आणि तेव्हा तुमची गाडी घोडीवर (स्टँडवर) चढलेली असणार.

आता क्रम. आधी वजन उतरवा. विंच, बंपर, हार्डटॉप, कॅरियर. मग टायर बदला. मग उंची लावा. मग अलाइनमेंट. हा क्रम उलटा केला तर काम दोनदा होतं. कारण बघा, विंचच रोपसकट ३५-४० किलोची असते, वर जाड बंपर, हे सगळं पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकलेलं. टॉर्शन बार ताणून त्या वजनाखाली उंची लावलेली. वजन काढलं की पुढचा भाग आपोआप वर येणार. म्हणजे तुम्ही आज उंची खाली घेतलीत आणि उद्या विंच काढली तर परत नाक वर. मागचंही तसंच, हार्डटॉप उतरला की पाटे वर येतात.

अजून एक. टॉर्शन बार ताणला की स्प्रिंग कडक झाली असं सगळे म्हणतात, तसं नसतं. बार तोच, कडकपणा तोच. फक्त बसायची उंची बदलते. मग धक्के का बसतात? कारण गाडी वर घेतली की चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही, खड्डा आला की वरचा आर्म स्टॉपवर (त्याची हालचाल जिथे अडते तिथे) आदळतो. तो टक-टक आवाज येत असेल तुमच्या गाडीत, येतो ना?

मुलुंडकर_४बाय४

येतो!! गेली कित्येक वर्षं मला वाटायचं बुश गेलेत, दोनदा बदललेत.

पाना_बारा_तेरा

बुश नाही तो, स्टॉप आहे. खाली घेतली की जाईल.

खाली घ्यायची पद्धत लिहितो, गॅरेजवाला कसा करतोय ते समोर उभं राहून बघा. टॉर्शन बारच्या मागच्या टोकाला ॲडजस्टिंग बोल्ट असतो. आधी त्याचे बाहेर दिसणारे आटे मोजून दोन्ही बाजूंचे खडूने लिहून ठेवायचे. गाडी चेसीखाली घोडीवर घ्यायची, चाकं लोंबती ठेवायची, मगच बोल्टला हात. गाडी जमिनीवर असताना त्या बोल्टवर सगळा ताण असतो, आटे जातात नाहीतर बोल्ट तुटतो आणि तुटला तर तोंडाजवळ येतो. आटे इतकी वर्षं चिखल-पाण्यात होते, आधी वायरब्रश आणि गंज सोडायचं तेल मारून रात्रभर ठेवा. दोन्ही बाजू सारख्या-सारख्या सोडत यायच्या. खाली उतरवायची, पुढे-मागे थोडी चालवायची, ब्रेक मारायचे म्हणजे सस्पेन्शन बसतं, मग चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावायची. डावी-उजवी जुळली पाहिजे. टाकी अर्धी ठेवा, गाडीत कोणी बसू नका. बार बाहेर काढायची वेळ आली तर डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडेच जाणार, अदलाबदल चालत नाही.

मापं जुळली की लगेच अलाइनमेंट. उंची बदलली की कॅम्बर-टो (चाकांचा तिरकेपणा) बदलतोच, तसंच चालवलंत तर नवे टायर एका कडेने खाऊन टाकेल. हेडलाइटचा झोतही लावून घ्या, आत्ता वर उचललेल्या गाडीसाठी लावलेला असेल.

डोंगरउतार

पाना भाऊ, वाखू (वाचनखूण) साठवली. मी माझं मत मागे घेत नाही पण ही पोस्ट भारी आहे.

मीठ_खाल्लेली_चेसी

पानाभाऊंना अनुमोदन, त्यात माझी भर. पुढच्या ॲक्सलशाफ्टचे सीव्ही बूट (सांध्यावरची रबरी टोपी) बघा. गाडी उचलली की जॉइंट तिरका चालतो आणि रबराची घडी सतत एकमेकांवर घासते. माझ्या गाडीचं चाक काढलं तर रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचा फवारा गोल उडून वाळलेला, त्यात रेती चिकटलेली, बुटाची चीर बोट जाईल एवढी. बाहेरून काही दिसत नव्हतं. आत पाणी गेलं असेल तर बूट बदलून भागत नाही, जॉइंट खोलून साफ करून ग्रीस भरावी लागते, खेळ असेल तर जॉइंटच.

आणि तुम्ही किनाऱ्यावर नेली होती का कधी? अलिबाग, किहीम, गोराई वगैरे? नेली असेल तर बोल्ट सरळ निघतील ही आशा सोडा. खाऱ्या पाण्यात गेलेल्या गाडीचे यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे) नट फिरवून काढत बसू नका, ग्राइंडरने कापा आणि नवे घ्या. तसेही यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, लिफ्टवाले जादा लांब असतात, परत वापरायचे नसतातच.

मुलुंडकर_४बाय४

किनाऱ्यावर... म्हणजे नेली होती. पुढचं विचारू नका, आईसाहेब हा धागा वाचतात.

मुलुंडकरची_आई

वाचतेय. चहाबद्दल लिहिलंस ते खरं आहे. आता त्या गाडीत चढायला स्टूल नको एवढं बघ.

खडखड्या

धागा जिंकला काकूंनी 🙏

पॉलिसीवाली_ताई

काकू 😄

जिप्सी_तेरा_ब

तुम्हा थारवाल्यांचं नशीब. माझी जिप्सी स्प्रिंग-ओव्हर केलेली होती, म्हणजे कंपनीतून पाटे ॲक्सलच्या खाली असतात ते वर नेलेले. त्यासाठी ॲक्सलच्या नळीवर नवीन बैठका वेल्ड केलेल्या. परत आणायचं म्हणजे त्या ग्राइंडरने घासून काढायच्या, तेही नळीला उष्णता लागून वाकू नये असं बघत, मग स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक परत जुन्या लांबीचा शोधा, ब्रेकचे लांब होज बदला, प्रॉपशाफ्टचा अँगल बघा. आणि जिप्सी बंद होऊन किती वर्षं झाली, पार्ट मिळवायला अख्खा कुर्ला सीएसटी रोड पालथा घातला. तुमच्याकडे निदान बोल्टवर काम आहे.

होजवरून आठवलं, तुमच्या मागच्या ब्रेकला लांब होज लावलाय का बघा. गाडी खाली आली की तो लोंबतो आणि टायरला नाहीतर सायलेन्सरला घासतो. ज्या गाड्यांना मागच्या ॲक्सलवरून ब्रेकचा लोडवाला व्हॉल्व्ह असतो त्यांचा दांडाही लिफ्टच्या वेळी कुणीतरी वाकवलेला असतो, तो परत सरळ करावा लागतो, नाहीतर रिकाम्या गाडीत मागची चाकं आधी लॉक होतात. पावसात मुंबईच्या रस्त्यावर हे नको.

घोडबंदरचा_खड्डा

टायरबद्दल कोणी बोललं नाही अजून. सीआरडीईचा कंपनीचा साइज २३५/७० आर १६, उंची साधारण ७३५ मिलिमीटर. ३१ इंच म्हणजे ७८७. फरक ७ टक्के. म्हणजे इतकी वर्षं तुमचा मीटर ८० दाखवत होता तेव्हा गाडी ८५-८६ने चालली होती, आणि किलोमीटरही ७ टक्के कमी मोजलेत. सर्व्हिस, टायमिंग, ऑइल सगळं त्या हिशोबाने लवकर धरा. जमिनीपासूनची उंची मात्र टायरने फक्त २६ मिलिमीटरच वाढली, कारण व्यासाचा अर्धाच फरक खाली मिळतो. एवढ्यासाठी क्लच मरत होता.

स्टॉक टायर घातलेत की पहिल्याच दिवशी कळेल. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये जिथे गुरगुरत होती तिथे मोकळी जाईल, कारण डिफरन्शियलचा रेशो तोच होता आणि चाक मोठं होतं, इंजिनाला उगाच लांब गिअर मिळाला होता. २४७ न्यूटन मीटरचा टॉर्क आहे त्या इंजिनाला, तो परत जाणवेल. स्पेसर लावले असतील रिमच्या मागे तर तेही काढा.

मुलुंडकर_४बाय४

स्पेसर नाहीत. रिम शोधतोय, कुठे मिळतील?

घोडबंदरचा_खड्डा

सगळ्यात स्वस्त बाजार म्हणजे लोकांचे माळे. ज्याने थार घेऊन महिनाभरात अलॉय लावले त्याच्याकडे पाचही स्टॉक रिम धूळ खात पडलेल्या असतात आणि बायको रोज विचारते कधी काढणार. थारच्या ग्रुपवर 'स्टॉक रिम हवेत' एवढंच टाका. भंगारातून घेणार असाल तर बिल घ्या आणि रिम सपाट जागी फिरवून बघा, आपल्या रस्त्यांवर स्टीलच्या रिमची कड वाकलेली असतेच. पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचं माप) आणि ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते) तपासल्याशिवाय दुसऱ्या मॉडेलची घेऊ नका, कुणी कितीही 'सेम टू सेम' म्हणालं तरी.

बाक आणि फेंडरसाठी कंपनीच्या डीलरकडे चेसी नंबर द्या, पार्ट नंबर निघतो. फेंडरला पॅच मारत बसू नका, नवीन घ्या. पॅचवर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की दोन पावसाळ्यांत फुगतो.

सीटबेल्ट

मला या धाग्यात एक खटकतंय. सगळं स्टॉक म्हणजे सगळं चांगलं असं का धरलंय? जुन्या थारचे मागचे बाक आडवे, त्यावर लहान मुलांना बसवून हायवेला नेणार? पुढे तोंड असलेली, बेल्टवाली सीट त्यापेक्षा नक्कीच सुरक्षित. नियम म्हणतो म्हणून परत आडवे बाक लावायचे हे मला पटत नाही.

वडाळा_डेपो

मुद्दा बरोबर आहे, पण आरसीवर बसायची संख्या लिहिलेली असते आणि सीट बदलली की ती जुळत नाही. शिवाय ती सीट कशावर बसवलीये ते महत्त्वाचं. बाहेरच्या गॅरेजने पातळ पत्र्याच्या फ्लोअरला भोक मारून वॉशर टाकून लावलेली सीट अपघातात माणसासकट पुढे येते. बेल्ट आहे म्हणून सुरक्षित असं नाही, बेल्ट कुठे अडकवलाय ते बघा.

सीटबेल्ट

हे मान्य. पण मग आडव्या बाकावर मुलं नकोत एवढं तरी धागाकर्त्याने लिहून द्यावं 🙂

मुलुंडकर_४बाय४

लिहून देतो. मुलं बायकोच्या गाडीत जातात, मागे फक्त सामान आणि सासरे (ते स्वतः हट्टाने बसतात). फ्लोअर बघितला काल, कार्पेट उचललं तर वॉशरच आहेत, प्लेट नाही. त्यामुळे सीट जाणार, नक्की झालं.

पाना_बारा_तेरा

ती भोकं एम-सीलने बुजवू नका. खालून पाणी चढतं, आतून गंजतं, वरून छान दिसतं. पत्र्याचा तुकडा वेल्ड करून, खालून अंडरकोट. टबच्या कडेची हार्डटॉपची भोकं पण तशीच. हार्डटॉपच्या रबराच्या खाली काय निघेल त्याला तयार राहा, मुंबईची हवा आहे.

मुलुंडकर_४बाय४

बरं, अपडेट. चिपळूणहून सॉफ्टटॉप आणला. कापड ठीक आहे, चेन एका बाजूची जाम, मागच्या खिडकीचं प्लास्टिक पिवळं पडलंय. सांगाडा उत्तम. हार्डटॉप उतरवला, चौघे लागलो. पानाभाऊ म्हणाले तसंच, रबराखाली डावी कड पापडी पापडी होऊन सुटली, बोटाने.

पण खरी गंमत वायरिंगची. लाइटबार काढायला म्हणून डॅशबोर्डखाली डोकं घातलं. लाइटबार, फॉग, विंच, अ‍ॅम्प्लिफायर, चार्जर, एक लाल वायर जी कुठेच जात नाही, सगळ्यांना एकच रंग, सगळं कंपनीच्या हार्नेसला मध्येच सोलून पीळ घालून जोडलेलं, वर काळी टेप जी उन्हाने वितळून गुळाच्या पाकासारखी हाताला लागते. एका ठिकाणी वायर पत्र्याच्या कडेवरून नेलीये, रबरी बुश नाही, इन्सुलेशन कापून तांबं दिसतंय. फ्यूजच्या जागी चांदी गुंडाळलेली, सिगारेटच्या पाकिटातली. हे ज्या गॅरेजने केलं ते आता तिथे नाहीये, बरंय.

जिप्सी_तेरा_ब

तांबं दिसतंय ते पत्र्याला लागलं असतं तर गाडी गेली असती भाऊ. बॅटरीचं निगेटिव्ह काढल्याशिवाय आता हात लावू नकोस. आणि बॅटरीच्या टोकापासून सुरू कर, डॅशपासून नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर कंपनीच्या वायरी सोडून जे काही अडकवलंय ते एकेक करून शेवटापर्यंत नेत काढ, विंचची जाड केबल पहिली. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना मास्किंग टेप लावून नाव लिही. जिथे हार्नेस सोललाय तिथे सोल्डर आणि हीट श्रिंक, काळी टेप नको. लाल वायर कुठेच जात नाही असं कधीच नसतं, दुसरं टोक शोध.

मुलुंडकर_४बाय४

शोधलं. हॉर्नला जात होती. जुना ट्रकचा हॉर्न होता एकेकाळी, तो विसरलोच होतो.

मुलुंडकरची_आई

मी नाही विसरले.

धुरकट

सीआरडीईवाल्यांनो, एक राहिलं. ट्यूनिंग बॉक्स (इंजिनाची ताकद वाढवायचा) लावलाय का? लावला असेल तर पीयूसीच्या आधी काढा, धूर त्यानेच वाढतो. आणि ईजीआरवर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर) कुणी तो बंद करणारी ब्लँकिंग प्लेट टाकलीये का ते मेकॅनिकला खोलून बघायला सांगा, तेव्हा सगळ्या क्लबमध्ये टाकायची फॅशन होती. प्लेट काढली तरी व्हॉल्व्ह इतकी वर्षं न हलता काजळीने जाम झालेला असतो, साफ करून घ्या. सायलेन्सर मात्र ओरिजिनलच घ्या, हे मी हात जोडून सांगतो. मी पहाटे झोपतो.

मुलुंडकर_४बाय४

ट्यूनिंग बॉक्स नाही, प्लेट होती! निघाली. सायलेन्सर नवीन लावला, आता गाडीत बसून रेडिओ ऐकू येतो, मध्येच वाटतं बंद पडली की काय.

पुढचं, थोडक्यात: बंपर आला, त्याचे ब्रॅकेट सुदैवाने कापलेले नव्हते. रिम मिळाल्या, ठाण्याला एकाच्या माळ्यावरूनच. मागचे शॅकल आणि जादा पाटा काढला, यू-बोल्ट कापावेच लागले, चेसीवाल्या भाऊंना सलाम. टॉर्शन बार पानाभाऊंनी स्वतः सोडला, मी शेजारी टेप घेऊन. डावीकडचा एक सीव्ही बूट फाटलेला निघाला, जॉइंट वाचला. फेंडर रंगाला गेलाय. पार्किंगच्या माणसाने आज टेप लावून बघितली, आत जाते. त्याला खात्री पटेना, त्याने परत लावली.

डोंगरउतार

अभिनंदन. आता तुझा विंच आणि टायर काय भावाने देतोस? आणि स्नॉर्केल?

पॉलिसीवाली_ताई

😐

वडाळा_डेपो

@डोंगरउतार, वरची माझी पोस्ट परत वाच.

डोंगरउतार

वाचली हो. विंच शेतावर ट्रॉलीला लावायचीय, गाडीला नाही. खरंच.

मुलुंडकर_४बाय४

विंच देतो, रोप बदलावी लागेल, एका जागी तारा सुटल्यात, हातमोज्याशिवाय धरू नकोस. टायर पण दे म्हणालास तर देईन, पण त्यांची बनावटीची तारीख बघून घे, साइडवॉलवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. नक्षी भरपूर आहे पण रबर जुनं झालंय, कडेला बारीक भेगा आहेत, रस्त्यावर मी तरी घालणार नाही. शेतावरच्या ट्रॉलीला चालतील. स्नॉर्केल फुकट घेऊन जा.

पाना_बारा_तेरा

धागाकर्ते, एक राहिलं. नवीन यू-बोल्ट लावलेत, गाडी थोडी फिरली की पाटे बसतात आणि नट सैल पडतात. पासिंगच्या आधी एकदा येऊन जा, टॉर्क मारून देतो. गाडी जमिनीवर, चाकांवर उभी असताना मारायचा, जॅकवर नाही. सकाळी लवकर या, दहानंतर गल्लीत टेम्पो लागतात.